हात न सोडणारं प्रथिन

अप्पा घरी आले हे आम्हाला कडी वाजायच्या आधी कळायचं. आमचं घर केजच्या बसस्थानकामागच्या वस्तीत. उन्हाळ्याच्या दुपारी तिथं इतकं सामसूम असायचं की कुणाच्या छपराचा पत्रा तापून तडतडला तरी चार घरं पलीकडे ऐकू जायचं. आई फरशीवर पाणी मारून ठेवायची आणि मी त्या ओलसर गारव्यावर डोळे मिटून पडायची. धड झोप नाही, धड जाग नाही, अशा त्या मधल्या जागेत अप्पांची पावलं यायची. टाच टेकायच्या आधी चवडा पडायचा, चप्पल रस्त्यावर सपकन वाजायची. मग थोडा वेळ काहीच नाही. मग परत सप.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. चालताना ते गुडघा जरा जास्तच वर उचलायचे, घोटाभर पाण्यातून वाट काढावी तसे. आमच्याकडे त्या दिवसांत घोटाभर पाणी नदीतही नसायचं, म्हणून त्यांचं चालणं आणखीच उठून दिसायचं. रस्त्यावरच्या उन्हाच्या झळांतून ते येताना खालचा रस्ता वितळल्यासारखा हलायचा आणि त्यात अप्पा एकेक पाय काढत, ठेवत, काढत यायचे. लहानपणी मला खरंच वाटायचं की आपल्याला न दिसणारं पाणी त्यांना दिसतं.

"आमच्या घराण्याची चाल हाय ही," ते म्हणायचे. त्यांचे वडील तसेच चालायचे, एक चुलतेही. आईचं मत वेगळं होतं. "जलमभर हलत्या गाडीत उभं ऱ्हायल्यावर दुसरं काय व्हनार?"

पुढं पुढं ते अडखळायला लागले. गाडीच्या पायरीला चवडा अडकायचा. एकदा गर्दीत तोल गेला तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "कंडक्टर पिलेला दिसतोय बे." अप्पांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. वस्तीतल्या विहारात पौर्णिमेच्या वंदनेला पंचशील म्हणताना मद्याच्या ओळीला त्यांचा आवाज मुद्दाम चढायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. थोड्या दिवसांनी स्वतःच अर्ज करून डेपोतलं बसून करायचं काम त्यांनी मागून घेतलं.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर गाडीतून धारूरला चालले होते. तिथं माझी मावशी राहायची. वैशाख होता, गाडी खचाखच भरलेली. घाट सुरू व्हायच्या आतच मला ऊन लागलं. डोकं जड झालं, सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायला लागले. अप्पांनी मला आपल्या जागेवर आडवं केलं, गळ्यातला पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवला. एका हातानं ते माझं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटू नये म्हणून धरून होते आणि दुसऱ्या हातानं तिकिटं फाडत होते. मला बाहेर बालाघाटचे डोंगर दिसत होते. ते पिवळे होते आणि हळूहळू श्वास घेत होते. किल्ल्याची भिंत गाडीबरोबर चालत होती. कुणीतरी बाई म्हणत होती, "लेकरू लई तापलंय." मग मावशीचं अंगण, कांद्याचा वास, कैरीचं पन्हं. ताप कधी उतरला ते आठवत नाही. एवढंच आठवतं की जागी झाले तेव्हा जग पूर्वीसारखंच होतं आणि मला त्याचं नवल वाटलं होतं.

त्या तापात माझ्या आत काय चाललं होतं, ते मला फार वर्षांनी कळलं.

मी शिकत गेले. आधी जिल्ह्याच्या गावी, मग विद्यापीठात, मग दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत. तिथल्या प्रयोगशाळेत मला जे काम मिळालं ते उष्णतेच्या प्रथिनांवरचं होतं. शरीरातली सगळी कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे एक लांब धागा, ठरावीक पद्धतीनं घडी घातलेला. घडी नीट असेल तोवरच तो कामाचा. उष्णता वाढली की घडी उलगडते आणि उलगडलेले धागे एकमेकांत गुंततात. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ते यामुळंच. ते परत पातळ होत नाही. मग तापात आपण का उकडून जात नाही? कारण पेशीत काही छोटी प्रथिनं राखणीला असतात. ताप चढला की ती भराभर वाढतात आणि उलगडायला लागलेल्या धाग्यांना धरून ठेवतात. त्यांना दुरुस्ती करता येत नाही. परत घडी घालायचं काम दुसऱ्या, मोठ्या प्रथिनांचं. ही छोटी फक्त तोवर धरून ठेवतात.

आम्ही ते काचेच्या नळीत बघायचो. नळीत एक साधं प्रथिन घ्यायचं आणि ती तापवायची. थोड्या वेळात स्वच्छ पाणी दुधासारखं व्हायचं. शेजारच्या नळीत तेच प्रथिन, पण सोबत त्या छोट्या प्रथिनाचे थोडे थेंब. ते पाणी तापत राहायचं आणि तसंच आरपार राहायचं. मी तासन्‌तास त्या दोन नळ्यांकडे बघत बसायची. आपल्या डोळ्याच्या भिंगातही याच कुळातली प्रथिनं भरलेली असतात. भिंगाच्या अगदी मधली तर आईच्या पोटात असताना तयार होतात आणि म्हातारपणापर्यंत तीच राहतात. ती थकली की मोतीबिंदू होतो. आणि चांगल्या-वाइटाची त्यांना पारख नसते. कर्करोगाची पेशीही त्यांना हाताशी धरते आणि औषधाच्या माऱ्यातून तगते. जे कोसळायला लागलंय त्याला धरायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

हे शिकताना मला अप्पांच्या पायांची आठवण एकदाही झाली नाही. व्हायचं काही कारणच नव्हतं.

एका दुपारी, जेवणानंतर, आमच्या संस्थेत एका डॉक्टरबाईंचं व्याख्यान होतं. त्या नसांच्या आजारांवर काम करायच्या. सभागृहात अंधार केलेला, वातानुकूलनाची गुणगुण, माझे डोळे मिटत चाललेले. पडद्यावर कुठल्या तरी रुग्णाची फिल्म सुरू झाली. ओळख पटू नये म्हणून चेहरा घेतला नव्हता, नुसते कमरेखालचे पाय, दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालणारे. मी ते पाहिलंच नाही. मी फक्त ऐकलं. सप. मग काही नाही. मग सप.

आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. अप्पा आले, दार उघडायला हवं, असंच मला त्या गुंगीत वाटलं. शेजारच्या मैत्रिणीनं दंडाला धरून बसवलं. मग मी डोळे उघडून नीट पाहिलं. गुडघा वर, चवडा खाली लोंबलेला, आधी तोच टेकतोय. पिंढऱ्या बारीक. तळपायाची कमान उंच. कुणा अनोळखी माणसाच्या अंगाला माझ्या वडिलांचे पाय लावले होते.

डॉक्टरबाई सांगत होत्या की हा आजार घराण्यात चालतो. कमरेच्या मणक्यातून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस ही शरीरातली सगळ्यांत लांब नस. तिच्यातून सतत माल वाहत असतो, म्हणून बिघाडाचा फटका आधी तिलाच. आणि या रुग्णाच्या कुटुंबात बिघाड होता तो एका छोट्या उष्णता-प्रथिनात. म्हणजे मी रोज ज्यांच्याकडे बघत होते त्यांच्यातल्याच एकात. "गंमत अशी," त्या म्हणाल्या, "की हे प्रथिन कमजोर झालेलं नाही. ते धरतं, आणि सोडत नाही."

मी घरी गेले तेव्हा हुरड्याचे दिवस होते. अप्पा आता निवृत्त झाले होते. गच्चीवर कोवळ्या उन्हात आम्ही दोघं बसलो होतो. ज्वारीची गरम कणसं हातावर चोळून ते दाणे माझ्या तळहातावर ओतत होते. कसं सुरू करावं ते मला सुचेना, म्हणून मी उगाच माझ्या कामाबद्दल सांगत बसले. धागे, घड्या, उकडलेलं अंडं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "गाडी झटक्यानं सुटली की म्हातारी बाई पडाया लागती. कंडक्टर तिचा हात धरतो. त्याच्याजवळ सीट नसती द्यायला. सीट हुईपर्यंत नुसता धरतो. तसंच ना?"

"तसंच."

"मग त्यात नवल काय हाय?"

मग मी सांगितलं. व्याख्यानाचं, फिल्मचं, त्या पायांचं. काही प्रथिनं हात सोडतच नाहीत, हेही. ते दाणे चोळायचे थांबले. बराच वेळ त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"स्टॉप आला तरी म्हातारीला उतरू देत न्हाई," ते हळू म्हणाले. "मग मागच्यांनी उतरायचं कसं? दार तुंबणारच की."

"अजून तपासलेलं नाही, अप्पा. मला नुसतं वाटतंय."

"कावून वाटतंय ते कळलं मला. तपासू." आणि थोडं थांबून, जवळजवळ खुशीत, "म्हंजे आमी पिलेलो नव्हतो."

आई जिन्यात उभी राहून ऐकत होती हे आम्हाला माहीत नव्हतं. ती वर आली आणि तिनं एकच विचारलं. "आन लेकरांचं?"

मी अप्पांना माझ्याकडच्या शहरात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. त्यांना एक पाऊलही जमलं नाही आणि ते स्वतःशीच हसले. बाईंनी चिमट्यासारखा लोखंडी नादकाटा वाजवून त्यांच्या घोट्यावर ठेवला, थरथर कळते का विचारलं. "कळतंय की. बस उभी असताना इंजिन चालू असल्यागत." मग रक्त घेतलं. काही आठवड्यांनी बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की होय, तेच आहे. त्या एका प्रथिनाच्या सूत्रात एक अक्षर बदललेलं. औषध अजून नाही. पण पाय सरळ धरणारे पट्टे बुटात घालता येतात, त्यानं अडखळणं थांबेल. आजार हळू चालतो, तो जिवावर बेतत नाही. आणि प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मी.

अप्पांना ते हलके प्लास्टिकचे पट्टे मिळाले. पहिल्यांदा घालून ते व्हरांड्यात चालले तेव्हा आवाज आला नाही. मी मान वळवून पाहिलं, ते आहेत ना म्हणून.

उरला भाऊ. भाऊ माझ्यापेक्षा मोठा. केज ते धारूर प्रवासी भरून नेणारी वडापची जीप चालवायचा, स्वतःची. बायको, एक लहान मुलगी. मी फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मला कळून काय करायचंय? औषध हाय का? न्हाई ना. मग ऱ्हाऊ दे." आई त्याच्यामागं लागली तर तो जेवणाच्या ताटावरून उठून गेला. मी त्याला परत काही म्हणाले नाही. कळणं, न कळणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे, असं डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं.

पुढच्या खेपेला मी मावशीकडे निघाले तेव्हा त्याच्याच जीपमध्ये त्याच्या शेजारी बसले. मागं बायका, पाट्या, एक शेळी. घाटात सगळे डुलक्या काढत होते. झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या आणि खालची दरी त्या दुपारच्या धुरकट उजेडात तरंगल्यासारखी दिसत होती. मलाही पेंग येत होती. तेवढ्यात एका वळणावर मी पाहिलं की ब्रेक दाबायला भावानं पाऊल हलवलं नाही. त्यानं अख्खी मांडी उचलली आणि पाय वरून पेडलवर टाकला. पुढच्या वळणावर तसंच. तिसऱ्या वळणाला पायताणाचं टोक पेडलच्या कडेला अडकलं. जीप थोडी जास्तच बाहेर गेली आणि मग आवरली. मागं कुणाची झोपही मोडली नाही.

त्यानं जीप कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"दिसलं ना तुला?" तो म्हणाला.

"दिसलं."

"एका वर्षापास्नं हाय. कुणाला बोललो न्हाई." त्यानं मागं झोपलेल्या लोकांकडे आरशातून पाहिलं. "ही माणसं माझ्या पायावर इसवासून झोपलीत."

मागून एका आजीनं जागं होऊन विचारलं, "कावून थांबलीय रं गाडी?"

"इंजिन तापलंय, मावशे. गार हुं दे जरा."

आम्ही खाली उतरलो. घाटाच्या कठड्यावर बसलो. रानात कुठंतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या पण मेंढरं दिसत नव्हती. त्यानं त्याच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला फोन करून धारूरहून बोलावलं. तो दुसऱ्या जीपनं येईपर्यंत प्रवासी सावलीत बसून राहिले. कुणीतरी बोरं वाटली. भावानं चावी त्या ड्रायव्हरच्या हातात दिली आणि आपण मागं दाराशी जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून त्यानं घाटात गाडी चालवली नाही. जीप आजही त्याचीच आहे, चालवतो दुसरा. भाऊ दाराशी उभा राहून माणसं घेतो, उतरवतो. अप्पांनी हे पाहिलं आणि संध्याकाळी आपली कंडक्टरकीची जुनी चामडी पिशवी तेल लावून, पुसून त्याच्या खुंटीला अडकवली.

तपासणी त्यानं नंतर केली. उत्तर आम्हाला ठाऊकच होतं. त्याच्या मुलीची करायची का, असं वहिनीनं विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही. ती मोठी होऊन स्वतः ठरवेल.

माझी तपासणीही मी करून घेतली. निकालाच्या सकाळी मी प्रयोगशाळेत नळ्या धूत होते. डॉक्टरबाईंनी बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं की तुझ्यात तो बदल नाही. मी आभार मानले. बाहेर आले. पायऱ्या उतरताना मी माझ्या पावलांकडे बघत राहिले, टाच, चवडा, टाच, चवडा. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आत कुठंतरी एक विचित्र पोरकेपण होतं. आजोबा, चुलत आजोबा, अप्पा, भाऊ, सगळे एका न दिसणाऱ्या पाण्यातून पुढं चालले होते आणि मी एकटी कोरड्या काठावर उभी होते.

आईला फोन केला. ती रडली. अप्पा म्हणाले, "चांगलं झालं माय. लई चांगलं झालं." मी त्यांना ते पोरकेपणाचं सांगितलं नाही. त्यांनाही ते कळलं असावं असं मात्र वाटतं, कारण फोन ठेवताना ते म्हणाले, "नाक तर माझंच हाय तुझ्याकडं. तेवढं पुरे."

आता आमच्या संस्थेत अप्पांच्या कातडीच्या कणापासून वाढवलेल्या पेशी आहेत. त्यांनी ती राजीखुशीनं दिली. सगळं नीट समजून घेऊन सही केली. आमच्याकडचे लोक त्या पेशींना मागं, गर्भातल्यासारख्या कोवळ्या अवस्थेत नेऊन, मग पुढं आणून, त्यांच्या नसा बनवतात. उबदार पेटीत, अंगाच्या उष्णतेला, उथळ काचेच्या थाळीत त्या वाढतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की काळोखात बारीक चंदेरी धागे दिसतात, एका टोकाकडून दुसऱ्याकडे निघालेले. त्यांच्यातून ठिपक्यांसारखा माल चाललेला असतो. चालतो, थांबतो, खोळंबतो. वेगवेगळी औषधं टाकून आम्ही बघतो की ते प्रथिन हात सोडतं का. कधी थोडं सोडतं. दुसऱ्या दिवशी परत धरतं. घाई करून उपयोग नाही.

काम फार लांबचं आहे, अप्पांच्या पायांना त्याचा उपयोग व्हायचा नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. त्यांना ते मान्य आहे. पण दुपारच्या जेवणानंतर, केजला सगळी वस्ती झोपलेली असते तेव्हा, त्यांचा फोन येतो.

"काय करतोय मी तिकडं?" ते विचारतात.

"वाढताय. कालच्यापेक्षा जरा लांब झालात."

"आन गरम लई न्हाई ना होत?"

"नाही अप्पा. अंगाइतकंच."

"मग ठीक हाय," ते म्हणतात, आणि पलीकडून त्यांची जांभई ऐकू येते. "पडतो आता जरा."